टेकडीचा रविवार

आपल्या भाषेचा स्वभाव उदार आहे. तोफांचे खाते तिच्या लेखी संरक्षण, आणि हरणाला देतात तेही संरक्षणच. या औदार्यामुळे आमच्या शहराला एक अभयारण्य मिळाले, माझ्या यजमानांना एक सिद्धान्त मिळाला, आणि मला, आयुष्यभराच्या रूक्ष अभ्यासानंतर, हसून हसून पोट दुखण्याचा एक प्रसंग मिळाला.

हकीकत अशी. शहराच्या पाठीशी ग्रॅनाइटचा डोंगर आहे. त्याच्या भेगांतून कोट्यवधी वर्षांपूर्वी तापलेले पाणी वर चढले आणि निवताना एक काळा, डांबरासारखा चमकणारा, उचलू पाहणाऱ्याला वजनाने चकवणारा दगड मागे ठेवून गेले. उघड्यावर हा दगड पिवळा पडतो, म्हणून लोक त्याला हळद्या म्हणत. हळद्यात युरेनियम आहे हे कळताच सरकारने डोंगर ताब्यात घेतला, नकाशावर 'संरक्षित क्षेत्र' असा शिक्का मारला आणि खाणीचे नाव ठेवले 'रंगद्रव्य विभाग'. कपबश्यांना पिवळा रंग देण्यासाठी हा दगड लागतो, असे कामगारांना सांगण्यात आले. एवढ्या कपबश्यांतून चहा पिणार कोण, असे विचारणाऱ्याची बदली होई. आठ वर्षांत काळा दगड संपला. मग इमारती पाडल्या, गवत पेरले, माणसांची तोंडे शिवली, आणि कागदोपत्री खाण डोंगरापलीकडच्या दरीत सरकवून ठेवली. खोटे बोलायचेच तर ते अंतर राखून बोलावे, हा सरकारी शिष्टाचार. पुढे केव्हातरी तो नकाशा वनखात्याच्या टेबलावर आला. तेथल्या अधिकाऱ्याने 'संरक्षित क्षेत्र' ही अक्षरे वाचली, आणि तो भला माणूस असल्यामुळे त्याने तेथे हरणे सोडली.

हे सर्व, खाण सरकवल्याचे तेवढे सोडून (ते मला फार पुढे कळले), मी एका जाडजूड ग्रंथात लिहिले आहे. त्याला वाचक थोडे, आणि त्या थोड्यांत माझे यजमान नाहीत. ते भूशास्त्रज्ञ. माणसाने पृथ्वीवर आल्यापासून जे जे केले त्याला ते 'कालची गडबड' म्हणतात. मीही त्यांचे काही वाचलेले नाही; ज्या लेखनात प्रत्येक क्रियापदाचा कर्ता चिखल असतो ते मला वाचवत नाही. आमचा संसार सुखाचा झाला, त्याचे श्रेय मी या परस्पर निरक्षरतेला देते.

त्यांची कीर्ती एका टेकडीवर उभी होती. अभयारण्याच्या दाराजवळ, डोंगराच्या कुशीत, फिकट वाळूची एक बुटकी टेकडी आहे. कापून पाहिली तर आत वहीच्या पानांसारखे थर: एक फिकट, एक काळपट, एक फिकट, एक काळपट. तरुणपणी यजमानांनी ते थर भिंगाखाली मोजले आणि जाहीर केले की येथे पूर्वी सरोवर होते. पुराच्या दिवसांत फिकट वाळू येई, उरलेल्या वर्षात संथ पाण्यातून काळा गाळ बसे. जोडी एक, वर्ष एक. टेकडी तीन हजार वर्षांची. इतके कोणीही म्हणाले असते. त्यांचा खरा शोध पुढचा. सहा जोड्या झाल्या की एक जाडसर काळी रेघ येते, पुन्हा सहा, पुन्हा काळी. म्हणजे दर सातव्या वर्षी पूर येत नसे. म्हणजे पाऊस सात वर्षांच्या तालावर चालत असे. म्हणजे सूर्यच तसा चालत असे. या 'सप्तवार्षिक चक्रा'वर परदेशांत परिषदा भरल्या. आमच्या घरातल्या शाली त्याच परिषदांतून आल्या आहेत.

यंदा अभयारण्याच्या संचालकांनी दाराशी माहिती केंद्र बांधले आणि एका फलकाचे काम आम्हा दोघांना दिले. वर यजमानांची टेकडी, खाली माझी खाण. प्रत्येकी एक मजकूर, एक पट्टी. यजमानांनी आपल्या थरांचे चित्र दिले. मी खाणीच्या कामाचा कालपट दिला: दगड दळणारी गिरणी चालू असेल तो दिवस पांढरा, बंद असेल तो काळा. फलकाची मांडणी करणारी मुलगी नीटनेटकी होती. तिने दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या करून एकीखाली एक लावल्या आणि नमुना घरी पाठवला.

सकाळी चहाच्या टेबलावर यजमान तो उलगडून बसले आणि चिडले.

"अगं, त्या पोरीनं घोळ घातलाय बघ. माझीच पट्टी दोनदा छापली. वर एकदा, खाली एकदा. तुझा इतिहास गेला कुठं?"

मी चष्मा लावला. "खालची माझी आहे."

"तुझी कशी असेल? सहा फिकट, मग काळी. सहा फिकट, मग काळी. हे माझं चक्र आहे."

"हे खाणीचं काम आहे. पांढरं म्हणजे गिरणी चालू. काळं म्हणजे रविवार."

"योगायोग."

"असेल. ही जाड काळी पट्टी कसली तुमची?"

"महाअवर्षण," ते अभिमानाने म्हणाले. "सरोवराला चाळीस वर्षं पूर नाही."

"माझ्याकडे संप आहे. चाळीस दिवस."

ते खुर्चीत सरळ झाले. "तू माझं वाचलंस!"

"शपथ घेते, नाही वाचलं. इतकी वर्षं निभावलं, आता कशाला वाचू?"

"मग एक सांग." त्यांनी बोट पट्टीवर ठेवले. "महाअवर्षणानंतर पन्नासएक वर्षं काळी रेघच नाही. चक्र मोडतं. याचं उत्तर आजवर कुणाला देता आलेलं नाही. मी एक लेख लिहिलाय त्यावर."

"काय लिहिलंत?"

"लिहिलंय की..." ते खाकरले. "की त्या काळात सूर्याची लय हरवली."

"संपात बुडालेलं काम भरून काढायला त्यांनी सात आठवडे रविवारीही गिरणी चालवली."

मग भूशास्त्रज्ञांच्या मिशा हलल्या, खांदे हलले, टेबल हलले, चहा बशीत आला.

"अगं, म्हणजे सूर्याला... सूर्याला रविवारी सुट्टी होती!"

"आणि संपात भाग घेतला होता त्यानं."

"मग जादा कामावर बोलावला!"

आम्ही दोघे म्हातारे एकमेकांच्या दंडाला धरून हसलो. डोळे पुसावेत, पट्टीकडे पाहावे आणि पुन्हा फुटावे, असे चालले. एकमेकांचे न वाचणे ही आमची संसारातली खोड. तीच आता पुरावा ठरली होती. दोन साक्षीदार, आयुष्यभर एका छपराखाली राहून कधीही संगनमत न केलेले, एकच जबानी देत होते. सरोवर कधी नव्हतेच. गिरणीत दळलेला, आम्लात धुतलेला दगड पाण्यासोबत नळावाटे येथेच, डोंगराच्या कुशीत सोडत. दिवसा फिकट वाळू बसे, रात्री गिरणी थांबली की पाणी निवळून काळी बारीक माती बसे. विश्रांती जितकी लांब, रेघ तितकी जाड. आठ वर्षांत टेकडी झाली. तिचे तीन हजार दिवस यजमानांनी तीन हजार वर्षे म्हणून मोजले होते, आणि मोजणी बिनचूक होती. चुकले होते ते फक्त एकक.

हसणे ओसरल्यावर मला तो संप आठवला. चाळीस दिवस माणसे खाणीच्या दारात बसली होती, कारण त्यांना तोंडावर बांधायला फडकी हवी होती आणि धुळीवर मारायला पाणी. दोन्ही मिळाले नाही. त्यांतले किती जण खोकून गेले, हे माझ्या ग्रंथात आहे, म्हणजे कोठेही नाही. आणि येथे त्यांचा संप जगातल्या भल्या भल्या मासिकांत दुष्काळ म्हणून छापला गेला होता, दोष सूर्याला देऊन.

यजमान मात्र वेगळाच हिशेब करत होते.

"अगं, खाण पलीकडं नव्हती तर. इथंच होती. म्हणजे माझी टेकडी हा गाळसाळ आहे, गिरणीतून उरलेला चोथा." ते हळूहळू बोलत होते, जणू विद्यार्थ्याला समजावत होते. "युरेनियम सासरी गेलं. पण त्याच्या लेकी माहेरीच राहतात. रेडियम, रेडॉन, सगळं गोत. वाळूतच."

"तुम्ही कधी किरणोत्सर्ग मोजला नाहीत?"

"यंत्र न्यायचं तर संरक्षण खात्याची परवानगी. त्यांनी कळवलं, क्षेत्र वनखात्याचं. वनखात्यानं कळवलं, क्षेत्र संरक्षित, तेव्हा संरक्षण खात्याला विचारा. असं सात वर्षं चाललं. मग म्हटलं, ग्रॅनाइटचा डोंगर आहे, थोडंफार असायचंच."

"तुमचं खरं सप्तवार्षिक चक्र ते."

या वेळी ते हसले नाहीत. आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली होती. येत्या रविवारी टेकडीचे उद्घाटन होते. तिला यजमानांचे नाव द्यायचे होते. पायथ्याशी संचालकांनी वाळूचा हौद बांधून त्यात टेकडीचीच वाळू भरली होती: 'खणा आणि तीन हजार वर्षे मागे जा!' पहिले खणण्याचा मान आमच्या नातीच्या वर्गाला. नात सहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. तिने आठवडाभर आधीच लाल फावडे उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली होती.

यजमानांनी आपल्या जुन्या विभागातून मोजणीचे यंत्र मागून आणले. त्यांच्या टेबलावर टेकडीचा एक घट्ट झालेला तुकडा पेपरवेट म्हणून वर्षानुवर्षे बसलेला होता. यंत्र जवळ नेताच कढईत लाह्या फुटाव्यात तसे ते तडतडले. तुकडा डब्यात बंद करून आम्ही संचालकांकडे गेलो.

संचालक हा गोड माणूस. त्यांच्याही टेबलावर तसाच तुकडा होता, यजमानांनीच भेट दिलेला. दोन्ही पट्ट्या, यंत्र, गिरणी, सगळे त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "सर, पण खाण तर पलीकडच्या दरीत आहे. मॅडमच्याच पुस्तकात आहे तसं. पान सांगू?"

माझा वाचक मला अशा रीतीने भेटला.

"ते कागद खोटे होते," मी म्हणाले. "मी फसले. पुस्तक बदलता येतं. हौद आधी बुजवा."

"मॅडम, ऐकून तर घ्या. आमच्या नियमात टेकडी निसर्गनिर्मित आहे. आता तुम्ही तिला ढिगारा म्हणालात, की ती माणसानं केलेली झाली. मग ती आमच्याकडं येत नाही. मग कुणाकडं येते ते ठरवायला समिती. तोवर आहे तसं चालू ठेवायचं, असा नियम आहे."

"समिती किती दिवस घेईल?"

"ते कसं सांगणार?"

"मी सांगते. समितीला नुसते दिवस जातात. बाळंत काही ती होत नाही."

संचालक कसनुसे हसले. बोलता बोलता त्यांनी एक पेन्सिल उचलली होती आणि तिच्या टोकाने ते आपले पेपरवेट, कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या हळू, टेबलाच्या पलीकडच्या कडेकडे ढकलत होते.

"एक सोपा मार्ग आहे," ते आवाज उतरवून म्हणाले. "सरांनी दोन ओळी लिहून द्यायच्या. ही टेकडी जगात एकमेव आहे, अतिशय नाजूक आहे, माणसाच्या पावलानं खराब होईल. मी आजच्या आज भोवती तारेचं कुंपण ठोकतो. हौदही बंद. सरांचं नाव राहतं, चक्र राहतं, मुलंही बाहेर राहतात. कुणाचं काय बिघडलं?"

एका सरकारी खोट्याचा पाठलाग करण्यात माझे आयुष्य गेले. त्याची साधने, त्याची भाषा, त्याचे शिक्के मी तळटिपांच्या सुयांनी टोचून ठेवलेले आहेत. आणि मी, हे सर्व केलेली बाई, यजमानांकडे वळून म्हणाले, "द्या लिहून."

यजमानांनी टोपणाचे पेन काढले. उघडले. पुन्हा बंद केले.

"नाही."

"अहो, मुलं बसणार आहेत त्या वाळूत!"

"म्हणूनच नाही. नाजूक आहे म्हणून तार लावली, तर उद्या दुसरा संचालक म्हणेल, आता नाजूक राहिली नाही, काढा तार. खरं कारण लिहिलेलं नसेल तर तार किती दिवस टिकते? तुझंच पुस्तक ना हे?"

"तुम्ही वाचलं?"

"नाही. तू रोज जेवताना बोलतेस."

"मग सर, कार्यक्रम ठरल्याप्रमाणे," संचालक म्हणाले. पेपरवेट कडेवरून खाली पडले. कोणी वाकले नाही.

घरी येताना मी यजमानांशी बोलले नाही, आणि घरी आल्यावर बरेच काही बोलले. तुमची तत्त्वे, तुमच्या शाली, तुमची परिषदांतली भाषणे, यांचा मी यथासांग उद्धार केला. ते खिडकीशी बसून राहिले. शेवटी म्हणाले, "माझ्यामागं काय उरेल सांगू? एक चूक उरेल, आणि तीही दुसऱ्याच्या संपावर बांधलेली. ती चूक निदान चूक म्हणून उरू दे. खोटं म्हणून नको."

"आणि भिंगरी?"

"तिला आण. फावडं घेऊन येऊ दे. फितीच्या अलीकडं उभी कर. रविवारी पहिलं भाषण माझंच आहे."

मला विश्वास नव्हता. माझे यजमान व्यासपीठावर विरघळतात. माईक समोर आला की त्यांना सरोवर दिसू लागते. टाळ्या पडल्या, कोणी खांद्यावर शाल घातली, आणि ते 'मित्रहो, तीन हजार वर्षांपूर्वी' असे म्हणाले, तर पोरे हौदात उतरणार होती. तसे झाले तर फीत कापण्याआधी आपणच हौदात जाऊन आडवे पडायचे, असे मी ठरवले आणि त्या दृष्टीने जुने लुगडे नेसले.

रविवारी ऊन लख्ख होते. टेकडीचा पायथा कापून थर स्वच्छ उघडे केले होते, त्यांच्यापुढे हौद, हौदापुढे लांबलचक पिवळी फीत, आणि फितीला नाके लावून उभी असलेली पहिलीची मुले, हातात फावडी. प्रमुख पाहुण्या बाई कात्री घेऊन सज्ज होत्या. संचालकांनी यजमानांची इतकी स्तुती केली की मला नवा माणूस भेटल्यासारखे वाटले. शाल आली. टाळ्या झाल्या. यजमान माईककडे गेले, त्यांनी टेकडीकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते जुने, सरोवर दिसल्याचे, भाव उमटू लागले. मी पदर खोचला.

त्यांनी माईक बाजूला केला. शाल उतरवून खुर्चीवर टाकली. गुडघे धरत धरत फितीजवळ आले आणि मुलांसमोर उकिडवे बसले.

"पिल्लांनो, ती भिंत बघा. पांढऱ्या रेघा दिसतात?"

"होऽऽ!"

"मोजा. काळी जाड रेघ येईपर्यंत."

वर्ग ओरडू लागला. "एक! दोन! तीन! चार! पाच! सहा!" आणि मग, काळ्या रेघेशी, एकदम थांबला.

"पुन्हा मोजा. तिच्या वर."

"एक! दोन! तीन! चार! पाच! सहा!" पुन्हा थांबला. आता त्यांना गंमत वाटू लागली होती. तिसऱ्या वेळी ती सांगितल्याशिवायच मोजू लागली, पायांनी ताल धरून. मागे उभे असलेले पालकही ओठ हलवू लागले. प्रमुख पाहुण्या बाईंची कात्रीही बहुधा नकळत ताल धरून उघडमीट करत होती.

"आता सांगा," यजमान म्हणाले, "सहा दिवस काम आणि एक दिवस काही नाही. असं कोण करतं?"

"शाळा!" अर्धा वर्ग ओरडला.

"माझी मावशी!" एक मुलगा म्हणाला. "बँकेत आहे!"

"दुकान!"

"आणि नदी?"

मुले विचारात पडली. भिंगरी फावड्यावर रेलून गर्रकन फिरली आणि तिच्या आजीच्या वळणाच्या तुच्छतेने म्हणाली, "नदीला कुठं रविवार असतो, आजोबा?"

"नसतो?"

"नस्सतो!" वर्ग किंचाळला.

"मोठ्या मोठ्या माणसांना हे कळलं नाही, बरं का. मला तर मुळीच कळलं नाही." यजमान उठून उभे राहिले, आणि आता ते मुलांच्या डोक्यांवरून पालकांकडे पाहत होते. "ही टेकडी नाही. युरेनियमच्या खाणीचा ढिगारा आहे. ती जाड काळी पट्टी दिसते, तिला मी दुष्काळ म्हणालो. तो संप होता. या धुळीपासून वाचायला फडकी मागणाऱ्या माणसांचा. त्यांना ती दिली नाहीत. तीच धूळ या हौदात भरली आहे. मी हे यंत्रानं मोजलंय, आणि हवं तर तुमच्यासमोर पुन्हा मोजतो."

त्यांना मोजावे लागले नाही. गर्दीत पहिल्यांदा शाळेच्या बाईंनी वर्ग मागे ओढला, मग आयांनी मुले ओढली, मग मुलांनी, ओढण्याचा हा खेळ आवडल्यामुळे, एकमेकांना ओढले. "सर, फीत! फीत!" असे संचालक म्हणत होते. प्रमुख पाहुण्या बाईंनी कात्रीकडे पाहिले, हौदाकडे पाहिले, आणि कात्री संचालकांच्या हातात ठेवून त्या गाडीकडे निघाल्या. संचालकांना तेथे एकटे उभे राहून आपल्याच हाताने फीत कापणे काही जमले नाही.

समिती अर्थातच नेमली गेली आणि तिला अर्थातच दिवस गेले आहेत. पण फीत कोणीही कापली नाही. न कापलेल्या फितीपलीकडे जाण्याचा अधिकार कोणाला आहे, हे कोणत्याही नियमात नसल्यामुळे कोणीच जात नाही. पिवळा रंग कुंपणाला तसा शोभूनही दिसतो. तारेचे काम तिच्याच रेषेवर सुरू झाले आहे. फलकही लागला, दाराबाहेर, दोन्ही पट्ट्यांसह. मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला, आणि त्यासाठी एकमेकांचे सगळे वाचले. त्यामुळे आता घरात भांडणे होतात.

त्या दिवशी परत निघताना भिंगरी फावडे खांद्यावर टाकून आजोबांच्या पुढेमागे गिरक्या घेत होती. तिच्या मनात एक हिशेब अडला होता.

"आजोबा, आज रविवार ना? मग आज टेकडीला सुट्टी?"

यजमानांनी मागे वळून एकदा पाहिले. त्यांच्या नावाची पाटी कापडाखाली झाकलेलीच राहिली होती.

"आजपासून रोज, बाळा," ते म्हणाले, आणि इतके हसू लागले की मला त्यांचा दंड धरावा लागला.